मामाजींच्या मापाची बैठक

लग्नाआधी मी माझ्या सासऱ्यांना पाहिलं नव्हतं. आर्वीला आमच्या दारी मांडव घातला होता आणि वऱ्हाड नुकतंच येऊन उतरलं होतं. मी आतल्या खोलीच्या दाराआडून पाहत होते. एक माणूस मांडवात शिरला आणि त्याचा फेटा वरच्या डहाळ्यांत अडकला. बाकीचे लोक त्याच मांडवात ताठ उभे राहून गप्पा मारत होते. हा मात्र मान तिरकी करून, एका हातानं डहाळ्या सारत पुढे आला आणि आंब्याची दोन पानं फेट्यात तशीच घेऊन सतरंजीवर बसला. तो बसला तेव्हा शेजारच्या लोकांना सरकावं लागलं.

"व माय! हा कोन व?" मी मावशीला विचारलं.

"हळू बोल. तुये सासरे होत थे."

मी हबकलेच. नवरा कसा असेल याची धाकधूक होती, ती बाजूला राहिली. या माणसाच्या घरात रोज किती भाकरी थापाव्या लागतील, हाच विचार पहिला डोक्यात आला.

सासर पवनारच्या जरा अलीकडे, धाम नदीच्या काठी. भाजीपाल्याचा मळा होता. वांगी, मिरच्या, सांभार म्हणजे कोथिंबीर, पालक, कडेनं केळीचं बन. माल बैलगाडीत घालून वर्ध्याच्या बाजारात जायचा. घरात सासू-सासरे, माझे यजमान, धाकटे दीर आणि मी. सासऱ्यांना मी मामाजी म्हणायचे, सासूबाईंना आत्याबाई.

मामाजींसाठी त्या घरातली प्रत्येक वस्तू वेगळी होती. त्यांची बाज सुतारानं मुद्दाम लांब केलेली, तरी त्यांची पावलं बाहेर यायची. जोडे मोच्याकडे माप देऊन शिवायचे. दाराची चौकट त्यांच्या कपाळाशी होती, त्यामुळे ते आपल्याच घरात वाकून शिरत आणि बाहेर पडताना पुन्हा वाकत. खुर्चीवर तर ते कधीच बसत नसत. तरुणपणी पाटलाच्या ओसरीवर एक खुर्ची त्यांच्याखाली मोडली होती. लोक किती हसले ते आत्याबाई अजून सांगायच्या. त्यानंतर कुठेही गेले की ते सरळ जमिनीवर बसत, 'मले इथंच बरं वाटते' म्हणत. एवढ्या देहाचा माणूस, पण आवाज इतका हलका की दोन हातांवरच्या माणसालाही कान द्यावा लागे. मला ते 'पोरी' म्हणायचे.

वर्धा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मळ्यात निंदायला येणाऱ्या बाया दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्या होत्या. काम करताना त्यांच्यात तेच बोलणं चालायचं. आमच्याकडे वांग्यांचा बहर होता. एका सकाळी मामाजी गाडी भरून बाजाराला निघाले. नाल्याच्या उतारावर बैल बुजले, जू निसटलं आणि गाडी उलटली. वांग्यांच्या ढिगासकट गाडीची साटी त्यांच्या डाव्या गुडघ्यावर आली.

वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांना बरेच दिवस ठेवलं. खाटेला लागून स्टूल ठेवून त्यावर त्यांचे पाय टेकवले होते. प्लास्टर काढलं त्या दिवशी डॉक्टरांनी यजमानांना बाजूला घेऊन सांगितलं, "हाड जुळलंय. पण हा गुडघा आता वाकणार नाही. चालतील, काठी घेऊन. मांडी घालून बसणं मात्र विसरा."

मामाजी घरी आले. लाकडाच्या ओंडक्यासारखा सरळ डावा पाय ओढत, दारात वाकून आत शिरले. आम्ही सगळे खूश होतो. माणूस वाचला, चालता झाला, आणखी काय पाहिजे? आत्याबाईंनी गिरडच्या दर्ग्याला नवस बोलला होता. टेकडी चढून चादर घालायची म्हणून त्या दिवस ठरवायला लागल्या.

गुडघा वाकत नाही म्हणजे काय, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आलं.

गावात कोणाकडेच संडास नव्हता. पुरुषमाणसं टमरेल घेऊन नाल्याकडच्या गोदरीत जात. उकिडवं बसता येणाऱ्याला त्यात काही वाटत नाही. पण एक पाय काठीसारखा ताठ आणि दुसऱ्या गुडघ्यावर सगळ्या देहाचा भार, असा माणूस बसणार कसा आणि बसला तर उठणार कसा? यजमान आणि भाऊजी, दोघं दोन्ही बाजूंनी त्यांना धरून घेऊन गेले. परत आले तेव्हा दोघंही घामाघूम होते. मामाजी कोणाकडेच बघत नव्हते. मोठाली पोरं, लग्न झालेला एक, आणि त्यांनी बापाला काखेत धरून तोंड फिरवून उभं राहायचं. असं काही दिवस चाललं.

मग एका सकाळी तिघंही पडले. भाऊजींचा पाय चिखलात घसरला, मामाजींचा सगळा भार यजमानांवर आला आणि दोघांना घेऊन ते खाली आले. नाल्याच्या पलीकडे गावातले चार-दोन लोक होते. ते हसले. मुद्दाम हसले असं नाही, पण हसले. यजमानांनी घरी येऊन आत्याबाईंना सांगितलं तेव्हा मी चुलीशी होते.

"बाबा काय म्हनले?" आत्याबाईंनी विचारलं.

"काहीच नाई म्हनले."

त्या दिवसापासून मामाजींचं ताट परत यायला लागलं. मी वाढत होते म्हणून मला दिसत होतं. आधी भाकर अर्धी राहिली. मग कोर मोडून वरणात बुडवायची, तोंडाशी न्यायची आणि परत ठेवायची.

"मामाजी, भाजी बिघडली काय?"

"नाई वो पोरी. भूकच नाई."

आत्याबाईंनी ओवा दिला, हिंग दिला, गरम पाणी दिलं. मन मारलं म्हणाल्या, पायाचं दुःख आहे म्हणाल्या. वैद्य आला, नाडी पाहून काढा देऊन गेला. ताट तसंच परत येत होतं. हळूहळू बंडी अंगावर लोंबायला लागली. मानेच्या मागची जाड वळी नाहीशी झाली. ज्यांच्याकडे पाहून मी लग्नात दचकले होते, तेच आता बाजेवर मोकळ्या पोत्यासारखे पडून दिसायचे.

एका दुपारी घरात मी आणि तेच होतो. यजमान आणि भाऊजी बाजारात, आत्याबाई पवनारला कोणाच्या तरी बारशाला. मी केळीच्या बनाकडे पालकाचं पाणी बघायला गेले. वाफ्यांच्या चरीत, दांडात, पाणी तुंबलं होतं. काय अडकलं म्हणून वाकून पाहिलं, तर मला पांढरं धोतर दिसलं.

मामाजी दांडात आडवे पडले होते. पाठीखालून पाणी वाहत होतं. सरळ पाय वर, केळीच्या खुंटाला टेकलेला. काठी दूर जाऊन पडली होती. एका हातानं त्यांनी धोतराचा सोगा अंगावर ओढून धरला होता, आणि दुसरा हात उठायला काही मिळतं का ते चाचपत होता. टमरेल उपडं झालं होतं. घरात कोणी पुरुष नाही असं बघून ते एकटे आले होते. दिवसाढवळ्या, आपल्याच मळ्यात, लपून.

डोक्यावरचा पदर केव्हा खाली आला मला कळलं नाही. मी पुढे झाले तसे ते ओरडले. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"येऊ नोको! जाय तिकडं! पोरायले पाठव!"

"मामाजी, घरी कोनी नाई."

"मंग राहू दे मले. तू जाय."

मी गेले नाही. पण पुढेही सरकले नाही. मी तिथेच केळीच्या आड पाठ करून उभी राहिले आणि निंदणाऱ्या बायांच्या घरधन्यांना मोठमोठ्यानं हाका मारल्या. पलीकडच्या वावरातून दोघं धावत आले आणि त्यांनी मामाजींना उचललं. पाठ करून उभी होते तेवढ्या वेळात मी त्यांना रडताना ऐकलं. त्या देहातून इतका बारीक आवाज निघत होता की मला माझ्याच कानांवर विश्वास बसेना.

संध्याकाळी सगळे घरी आले. मामाजी यजमानांना म्हणाले, "मले आता पानी बी देऊ नका."

भाऊजी म्हणाले, "काऊन असं बोलून राह्यले, बाबा?"

मामाजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

आणि तेव्हा मला सगळं एकदम समजलं. इतक्या दिवसांचं परत आलेलं ताट, वरणात बुडवून ठेवलेली कोर. हा माणूस गोदरीत जायची पाळी येऊ नये म्हणून जेवत नव्हता. माझ्या हातात वाढायची पळी होती, ती मी खाली ठेवली. आमच्या घरात सून सासऱ्याशी बोलायची ती 'हो', 'नाई', 'वाढू का' एवढंच. मी पदर पुढे ओढला आणि म्हटलं,

"मामाजी, तुमी जेवत नाई थे परसाकडं जा लागते म्हनून नं?"

आत्याबाईंच्या हातातली भाकर तव्याऐवजी राखेत पडली. यजमानांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी त्या क्षणी भुईत गेले असते तर बरं झालं असतं.

"अक्कल हाय का तुले?" ते म्हणाले. "कोनापाशी काय बोलतं?"

बाजेवरून आवाज आला, "हो."

सगळे तिकडे वळले. मामाजी अजून भिंतीकडेच बघत होते. "थे बराबर बोलून राह्यली. हो."

आत्याबाई चुलीपासून वळल्या. "अन मी ओवा देऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "मी नवस बोलून राह्यली. मले काऊन नाई सांगतलं?"

"काय सांगू? हे सांगाची गोष्ट हाय?"

मग मी दुसरी गोष्ट बोलले. एकदा तोंड उघडलंच होतं. माझे बाबा आर्वीच्या डाकबंगल्यावर चौकीदार होते. लहानपणी मी त्यांच्यासोबत जायचे. साहेब लोक यायचे त्या खोलीमागे न्हाणीघर होतं आणि त्यात लाकडाची एक खुर्ची होती. वर झाकण. झाकण उचललं की बैठकीला गोल भोक आणि खाली तामचिनीचं भांडं. साहेब त्यावर पाय खाली सोडून बसायचा, जसा कचेरीत बसतो तसा. गुडघे मोडायचं काम नाही.

"बसून?" भाऊजी म्हणाले. "खुर्चीवर बसून?"

"हो."

"छी!"

मामाजींनी मात्र भिंतीकडचं तोंड वळवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

माहेरी जायचं निमित्त करून मी आणि यजमान आर्वीला निघालो. वर्ध्याहून पुलगावपर्यंत मोठी आगगाडी, पुढे आर्वीला जाणारी ती छोटी गाडी, कापसाच्या वावरांतून सायकलच्या वेगानं जाणारी. वाटेत यजमान माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. रागावले होते की लाजले होते, मला ठरवता येईना.

बाबांना सांगितलं तेव्हा ते आधी खो खो हसले. "जावई साहेबाची कुर्सी पाह्यले आला काय?" मग मी केळीच्या बनातलं सांगितलं. बाबांचं हसू तोंडावरच थांबलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

बंगल्यात त्या दिवशी कोणी उतरलेलं नव्हतं. बाबांनी न्हाणीघर उघडलं. यजमानांनी खुर्ची सगळ्या बाजूंनी पाहिली, झाकण उचलून पाहिलं, पुन्हा लावलं. मग मी समोर असताना, धोतरासकट, ते तिच्यावर बसले. त्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

"आराम वाटते व," ते म्हणाले. ते बोलणं ऐकून तेच चमकले आणि झटकन उठले.

"पन तुये सासरे याच्यात मावनार नाई," बाबा मला म्हणाले. "एक मांडी बी नाई मावनार. अन हे त मोडूनच जाईन. हात टेकाले दांडे पाह्यजेत, मजबूत. त्याच्यावर जोर देऊन उठता आलं पाह्यजे. अन भांडं कायले? खाली खड्डा खंदा."

घरी परत आलो तर वेगळाच घोळ. भाऊजींनी मनाशी पक्कं करून ठेवलं होतं. "मळ्यात संडास केला अन बजारात समजलं, तं आपल्या वांग्याले कोन हात लावन?" ते म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. बाजारात बायका वांगं नाकाशी नेऊन घेत. यजमानही घुटमळले.

आत्याबाई कोपऱ्यात मिरच्यांचे देठ मोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मंग वांगे नोको खराब करू. बाप इकून टाक."

भाऊजी उठून बैलांना पाणी दाखवायला गेले.

गावच्या सुतारानं ऐकूनच नकार दिला. आमच्याकडे कोणी मरायला टेकलं, उठेनासं झालं की खाटेची सुंभं कापून मधे भोक पाडतात. "भोकाची बैठक थे मरत्या मानसाची," तो म्हणाला. "चालत्या मानसासाठी मी करत नाई. उद्या काही झालं तं माह्यावर येईन." यजमान हात हलवत परत आले.

त्यावर आत्याबाईंनी जे केलं त्यानं मी थक्क झाले. त्या गावात सुनेनं आणि सासूनं, दोघींनीही, पुरुषाच्या कामाच्या जागी पाऊल टाकायचं नाही असं होतं. आत्याबाई डोक्यावर पदर घेऊन सुताराच्या अंगणात गेल्या आणि त्याच्या उंबऱ्यावर बसल्या. मी त्यांच्या मागे उभी होते. सुताराची बायको पाणी घेऊन आली. आत्याबाईंनी पाणी घेतलं नाही.

"माया नवरा उपाशी मरून राह्यला," त्या सुताराला म्हणाल्या, "अन तू मले शकून सांगतं? मी इथून उठत नाई."

"वयनी, असं काऊन करता? लोक पाह्यते."

"पाहू दे. इचारू दे मले. मी सांगन काऊन बसली थे."

लोक खरंच जमायला लागले. आत्याबाई त्या प्रत्येकाला, नवऱ्याच्या कोणत्या गोष्टीसाठी आपण इथे बसलो आहोत ते स्पष्ट शब्दांत सांगायच्या तयारीत होत्या. सुतारानं हात जोडले. "माप घेऊन या," तो म्हणाला. "करून देतो."

माप कोण घेणार? सून सासऱ्याच्या अंगाला हात लावत नाही. यजमान सुतळी घेऊन उभे राहिले, पण काय मोजायचं ते त्यांना सुचेना. मामाजी म्हणाले, "पोरी, तू मोज. तुलेच समजते थे."

आत्याबाईंनी माझ्या हातात सुतळी दिली.

आधी उंची पाहायची होती. कुठल्या उंचीवर त्यांना बसता येतं आणि उठता येतं? ओट्याच्या कडेवर बसवलं तर ती फार खाली पडत होती, सरळ पाय पुढे घसरत होता. विहिरीवर मोट जिथे रिकामी होते त्या थारोळ्याचा दगड त्याहून खाली. शेवटी अंगणात विटा रचल्या, वर पाट ठेवला, आणि एकेक वीट वाढवत गेलो. मामाजी बसत होते, उठत होते, मान हलवत होते. त्या उंचीवर आमच्यापैकी कोणी बसलं असतं तर पाय हवेत लोंबकळले असते. एका विटेनंतर ते बसले आणि उठलेच नाहीत. दोन्ही हात मांड्यांवर ठेवून ते तसेच बसून राहिले. ताठ पाय पुढे लांब पसरलेला होता.

"इथं बरं वाटते," ते म्हणाले.

पाटलाच्या ओसरीवरच्या त्या दिवसानंतर हा माणूस पाय खाली सोडून खुर्चीसारख्या कशावरही बसला नव्हता, हे मला तेव्हा जाणवलं. मी सुतळी धरून मोजलं, गाठी मारल्या. बैठकीची उंची, रुंदी, हाताचे दांडे किती लांब, ताठ पायाला पुढे किती जागा.

सुतारानं बाभळीच्या लाकडाची बैठक केली. इतकी जड की तिला आणायला गाडी जुंपावी लागली. केळीच्या बनामागे यजमानांनी आणि भाऊजींनी खोल खड्डा खणला, त्यावर ती बसवली. शेजारी राखेची आणि मातीची टोपली. भोवती पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या काड्यांचा कूड, मामाजींच्या फेट्याच्याही वर जाईल एवढा. दार असं रुंद आणि उंच की त्यांना वाकावं लागू नये. त्या घरातलं तेवढं एकच दार तसं होतं.

पहिल्या सकाळी मामाजी काठी टेकत निघाले. कोणाचा हात घ्यायला तयार नव्हते. आम्ही सगळे कामात असल्यासारखं करत होतो. मी आधीच निंदलेला वाफा पुन्हा निंदत होते. यजमान कोरड्या विहिरीत बघावं तसे भरलेल्या विहिरीत बघत होते. वेळ चालला. फारच वेळ गेला. भाऊजी घाबरून म्हणाले, "मी पाह्यू काय?"

"गप राय," आत्याबाई म्हणाल्या.

शेवटी आतून खोकल्याचा आवाज आला आणि मामाजी बाहेर आले. कोणाकडेही न बघता त्यांनी हात धुतले, तोंड धुतलं. मग ओट्यापाशी येऊन उभे राहिले.

"काय रांधलं आज?" त्यांनी विचारलं.

आत्याबाईंनी रात्रीची भाकर आणि ठेचा तसाच पुढे केला. त्यांनी उभ्यानंच खाल्ला. आत्याबाई चुलीकडे तोंड करून नवी भाकर थापायला बसल्या आणि त्यांचे खांदे हलत होते.

गावभर बातमी पसरायला वेळ लागला नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी तर रांगच लागली. लोक तोंडाला उपरणं लावून यायचे आणि उपरण्याआडून डोळे विस्फारून बघायचे. "सिंहासन केलं बापा!" कोणी म्हणे. "गोऱ्यायचं राज्य गेलं अन यानं बैठक आनली." मामाजी बाजेवरून म्हणत, "बसून पाह्य." त्यातला एखादा हसत हसत बसायचा आणि बसल्यावर गप्प व्हायचा. पाटलाची म्हातारी आई, तिचे गुडघे केव्हाच गेले होते, ती आली आणि कोणी सांगायच्या आत बसली. उठताना दांड्यांवर हात फिरवत म्हणाली, "माह्या पोराले सांगा." वांगी बाजारात विकली जात राहिली. भाऊजींना त्याचंच नवल वाटत होतं.

हे सगळं इथे थांबलं असतं. पण थंडी सरत आली तेव्हाची एक संध्याकाळ आहे. मामाजींचं अंग पुन्हा भरू लागलं होतं. मी सांभाराच्या जुड्या बांधत होते, आत्याबाई शेजारी होत्या. मामाजी काठी टेकत आले, समोर उभे राहिले आणि म्हणाले,

"पोरी, तुमी बाया कुठं जाता?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. आत्याबाईंचे हात जुडीवर थांबले.

"नदीच्या अंगानं, मामाजी. बाभळीकडं."

"कवा?"

"दिवस उगवाच्या आंधी. नाई तं मावळल्यावर."

"अन दिवसा?"

"दिवसा थांबतो."

"पोट दुखलं तं?"

मी जुडीची गाठ पुन्हा बांधायला घेतली. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं. "तू बी?"

"मी काय आसमानातून आली?" आत्याबाई म्हणाल्या.

"पोरं पोटात होती तवा बी?"

"तवा बी."

मी मामाजींचं तोंड पाहत होते. गाडीखाली सापडल्यावर त्यांना दवाखान्यात पाहिलं होतं, तेव्हाही त्यांच्या चेहऱ्यावर असं काही नव्हतं. ज्या बाईसोबत सगळं आयुष्य एका छपराखाली काढलं, ती रोज कुठे जाते आणि कशी थांबते, हे त्यांनी कधी मनातही आणलं नव्हतं. ते खाली बसायला गेले, पाय आठवला, आणि तसेच काठीवर भार देऊन उभे राहिले.

"मी त थोडकेच दिवस भोगलं," ते म्हणाले, "अन मराले टेकलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना केळीच्या बनामागेच, बायांसाठी, दुसरा खड्डा खणायला लावला. आत्याबाई भडकल्या. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. खूश होतील असं आम्हाला वाटलं होतं. "माया जलम गेला," त्या ओरडल्या, "तवा कोनी इचारलं नाई. आता कायले? आता मले नाई पाह्यजे!" कुडाच्या पऱ्हाट्या त्यांनी उचलून फेकल्या. यजमान त्यांना अडवायला गेले तर मामाजी म्हणाले, "फेकू दे तिले."

पऱ्हाट्या मी वेचून परत आणल्या. कूड उभा राहिला. मी तिथे जायला लागले. आत्याबाई मात्र कित्येक दिवस आपल्या जुन्या वेळेला, जुन्या जागी जात राहिल्या आणि आम्ही कोणी त्यांना काही म्हटलं नाही.

मग चैत्रातली एक दुपार. ऊन मी म्हणत होतं, गडी झाडाखाली पडले होते. आत्याबाई घरातून निघाल्या. हातात लोटा होता, आणि तो पदराखाली झाकलेला नव्हता. अंगणातून, बाजेवरच्या मामाजींच्या समोरून, त्या सरळ केळीच्या बनाकडे गेल्या. आम्ही कोणी मान वर केली नाही. परत आल्या, रांजणातून पाणी घेऊन हात धुतले, आणि माझ्याजवळ सावलीत येऊन बसल्या.

"काय गरम होते व आज," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पुढ्यातल्या मिरच्या आपल्याकडे ओढून त्यांचे देठ मोडायला लागल्या.